जर्मन सॉकेट आणि चकलीची भाजणी

अशी कल्पना करा, की तुम्ही चौथीत आहात आणि एका सागवानी कपाटामागे उकिडवे बसला आहात. डोळे मिटून कल्पना करा असं मी म्हणणार होते, पण मग पुढचं वाचाल कसं? तेव्हा उघडेच ठेवा. कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा एवढीशी, की तुमच्याऐवजी तुमचे बाबा घुसले तर त्यांना बाहेर काढायला सुतार बोलवावा लागेल. समोर भिंतीत दोन सॉकेटं. एक जुनं, पिवळट पडलेलं, शेजारी काळं बटण. दुसरं नवं कोरं, गोल, वाटीसारखं खोल आणि आत सोनेरी. तुमच्या पायांत आत्याआजीने बळजबरीने घातलेल्या रबरी चपला. हातात एक प्लग. आणि कपाटाच्या पलीकडे, हॉलमध्ये, चार मोठी माणसं चार दिशांना तोंडं करून, शिक्षा झाल्यासारखी भिंतींकडे बघत बसली आहेत.

झाली कल्पना? आता घाबरू नका. तुमच्या जागी खरी केतकी होती, आणि ती कुणाला घाबरत नसे.

"केतू, झालं का?" मी हॉलमधून विचारलं.

"झालं, आत्याआजी," कपाट म्हणालं.

मी सुई तबकडीवर ठेवली.

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. ती चार माणसं भिंतींकडे का बघत होती, ते आधी सांगायला हवं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. केतकीला दिवाळीची सुट्टी लागली होती आणि ती पुण्याहून सांगलीला आजोबांकडे आली होती. तिचे आजोबा म्हणजे माझा मोठा भाऊ, अण्णा. अण्णा बँकेतून निवृत्त झाला होता आणि मी शाळेत विज्ञान शिकवून. फरक एवढाच, की निवृत्त झाल्यावरही मी शिकवायची थांबले नाही, आणि अण्णा फक्त ऐकत असे. बायकोचं नव्हे. तबकड्या.

दर रविवारी सकाळी त्याच्या हॉलमध्ये 'रविवार श्रवण मंडळ' भरायचं. नियम कडक. तबकडी चालू असताना पंखा बंद. विलंबित संपेपर्यंत चहा नाही. खोकला आला तर अंगणात जाऊन खोकायचं. सुईला अण्णाशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि दाद द्यायची ती मानाप्रमाणे, आधी भागवत मास्तर, मग बाकीचे. भागवत मास्तरांनी तरुणपणी एका मोठ्या गवयामागे बसून तानपुरा छेडला होता. तोही मूळ तानपुरेवाला लघवीला गेला होता तेवढाच वेळ. पण तेवढ्या वेळाच्या जोरावर मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. मास्तर "आहाहा" म्हणाले, की दातांचे डॉक्टर शहापुरे "क्या बात है" म्हणायचे, आणि त्या आवाजाने हळदीचे व्यापारी आरवाडे जागे होऊन "जियो, जियो" म्हणायचे.

तबकडी लावण्याआधी अण्णा एका मऊ ब्रशने सुई झाडायचा. म्हणजे सुईशेजारची हवा झाडायचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तो म्हणे, "गाणं डोळ्यांनी ऐकत नाहीत." चहा बशीत ओतताना तो निम्मा टेबलावर जाई. तरी डोळ्यांचं काय एवढं, असं त्याचं मत होतं.

त्या पावसाळ्यापासून अण्णाचं काहीतरी बिनसलं होतं. एकटा असताना तो स्पीकरला कान लावून बसायचा. तीच तबकडी पुन्हा पुन्हा लावायचा, मान हलवायचा, उठून वायरी हलवून बघायचा. विचारलं तर म्हणायचा, "वीज बिघडली आहे."

"वीज बिघडत नाही अण्णा," मी म्हणे. "ती येते किंवा जाते."

"तुला शाळेतली वीज माहीत, मनू. गाण्याची वीज वेगळी."

मग कुणीतरी त्याच्या डोक्यात घातलं, की दोष भिंतीतल्या सॉकेटचा आहे. साधं पितळी सॉकेट विजेला गढूळ करतं. परदेशात गाणं ऐकणारे लोक सोन्याचा मुलामा दिलेली सॉकेटं बसवतात आणि मग गवयाच्या श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू येतो. अण्णाने कुमुदवहिनीच्या जर्मनीतल्या भाच्याला फोनवर फोन केले, आणि दिवाळीच्या तोंडावर ते सॉकेट आलं. मखमलीच्या डबीत. वहिनी म्हणाली, "लग्नात मला अंगठी आणली होती ती कागदाच्या पुडीत होती."

मी केतकीला घेऊन बसले आणि वीज कशी येते ते सांगितलं. कोयनेच्या डोंगरातून निघते, मनोऱ्यामनोऱ्यांवरून सांगलीत उतरते, कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या डीपीत शिरते, तिथे कावळ्यांनी आणि पतंगांनी केलेल्या गुंत्यातून वाट काढते, मग आपल्या मीटरमध्ये, मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भिंतीत पुरलेल्या वायरीतून इथवर.

"आणि शेवटची चार बोटं सोन्यातून?" केतकीने विचारलं.

"शेवटची चार बोटं सोन्यातून."

केतकीने विचार केला. "म्हणजे चिखलातून चालत यायचं आणि दारातल्या पायपुसण्यावर अत्तर टाकायचं."

मी तिला वीस वर्षं शाळेत शोधत होते, आणि ती माझ्याच घरात निघाली.

सॉकेट बसवायला विलास वायरमन आला. त्याने ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "ह्याला बटन कुठाय ओ, अण्णा?"

"त्याला बटण नसतं. तिकडे असंच असतं."

"मग बंद कसं करायचं?"

"चांगली गोष्ट बंद कशाला करायची?" अण्णा म्हणाला.

विलासने सॉकेट बसवलं आणि मग कळलं, की आपला तीन गोल पायांचा प्लग त्या जर्मन वाटीत जातच नाही. तिला दोनच भोकं. बाजारातून एक प्लास्टिकचा कन्व्हर्टर आणून मध्ये लावावा लागला.

"एवढा साहेब आणलात," वहिनी म्हणाली, "पण त्याच्याशी बोलायला दुभाषा लागतोच." तरीही तिने सॉकेटला हळदकुंकू वाहिलं, आणि आत कुंकू सांडेल म्हणून अण्णा ओरडला.

त्या रविवारी मंडळ भरलं. अण्णाने हवा झाडली, सुई ठेवली. पहिलाच स्वर लागला आणि भागवत मास्तरांनी डोळे मिटून हात वर नेला. "आहाहा! तानपुरा कसा उघडलाय!"

"क्या बात है," डॉक्टर म्हणाले. "दातावरचं किटण काढल्यासारखं वाटतंय."

"जियो," आरवाडे म्हणाले, आणि पुन्हा मिटले.

अण्णा तिघांच्या तोंडांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "फरक आहे ना? तुम्हालाही वाटतंय ना?"

"फरक? अहो, जमीन आणि आस्मान!"

त्याचा चेहरा उजळला. आणि त्या उजेडात त्याने जाहीर केलं, की आता आणखी दोन सॉकेटं मागवायची, स्वयंपाकघरातली जाड वायर तिथून काढून हॉलमध्ये आणायची, आणि घरघंटी घराबाहेर काढायची.

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला.

ही घरघंटी म्हणजे काय, ते माहीत असलं पाहिजे. ती वहिनीची पिठाची चक्की, कपाटाएवढी, स्वयंपाकघरात हॉलच्या दाराला लागून उभी. पावसाळ्यापासून सणांची दळणं आणि दिवाळीआधी सगळ्या कॉलनीच्या चकल्यांची भाजणी तिच्यावर निघायची. बायका डबे घेऊन यायच्या, ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, आणि दळण होईपर्यंत एकमेकींच्या सासवांचं बारीक पीठ पाडायच्या. मधलं दार सताड उघडं असे, त्यामुळे त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूवर पिठाची साय धरायची. केतकी टीव्हीवर बोटाने स्वतःचं नाव लिहायची. आणि वहिनी प्रत्येक भाजणीची चिमूट तिच्या जिभेवर ठेवून विचारायची, "बघ गं, जिरं बरोबर आहे का?" केतकीची जीभ कधी चुकत नसे. तिने "धणे कमी" म्हटलं, की बायका मुकाट्याने धणे आणायला घरी जायच्या.

वहिनी लाटणं हातात घेऊन दारात आली. "काय म्हणालात?"

"मोटर लायनीत घाण सोडते, कुमुद. शास्त्र आहे ते. हवं तर मनूला विचार."

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मी उत्तर देईन."

"आणि घंटी जाणार कुठे?"

"तासगावला. तुझ्या बहिणीकडे. तिचीच सोय होईल."

वहिनीने लाटणं खाली ठेवलं. ते बघून डॉक्टर शहापुऱ्यांना जरा बरं वाटलं असावं.

"अहो, या घरात टेबल तुमचं, आरामखुर्ची तुमची, भिंतीवरचे गवई तुमचे. एक ती घंटी तेवढी माझी. चार बायका माझ्याकडे येतात त्या तिच्यासाठी. आणि मलाही ऐकता येतं, बरं का. भाजणी बारीक झाली, की घंटीचा सूर बदलतो. न बघता सांगते मी."

"पण वहिनी, घंटीला दाद कोण देणार?" आरवाड्यांनी विचारलं.

"चकल्या खाताना तुम्हीच देता की. आणि तेव्हा जागे असता."

कुणी हसलं नाही. वहिनी अण्णासमोर येऊन उभी राहिली.

"फरक ऐकू येतो म्हणता ना? मग न बघता ओळखून दाखवा. नवं कुठलं, जुनं कुठलं. तुमच्या चौघांपैकी एकाने जरी नीट ओळखलं, तर घंटी मी माझ्या हाताने टेम्पोत चढवीन. नाही ओळखलं, तर या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. मनूताई घेईल परीक्षा."

"मंजूर," भागवत मास्तर म्हणाले. घंटी त्यांची नव्हती.

आता परीक्षा घेणं म्हणजे माझं माहेर. पुढच्या रविवारी मी केतकीला कपाटामागे बसवलं, कारण तिच्याशिवाय तिथे कुणी मावत नव्हतं. तिने नाणं उडवायचं. छापा आला तर नव्या सॉकेटात प्लग, काटा आला तर जुन्यात. कपाटाच्या पाठीवर खडूने खूण करून ठेवायची. कुठलं लागलंय ते मलासुद्धा सांगायचं नाही.

"तुलासुद्धा का नाही?" तिने विचारलं.

"माझं तोंड बघून ते ओळखतील."

"तुझं तोंड तर नेहमी असंच असतं."

मी आवाज खाली आणायचा, सुई उचलायची, केतकी "झालं" म्हणाली की पुन्हा ठेवायची. त्यासाठी मंडळाने ठराव करून मला सुईच्या दांडीला हात लावायची परवानगी दिली. सुईला नाही, फक्त दांडीला.

पहिल्याच फेरीत सगळं कोसळलं. सूर लागला, मास्तर "आहाहा, नवं!" म्हणाले, आणि उरलेले तिघे "नवं, नवं" म्हणून माना डोलवायला लागले.

"ही कॉपी आहे," मी म्हटलं.

"कॉपी?" मास्तर खवळले. "ही दाद आहे, मनूताई. दाद आतून येते."

"तुमची आतून येते. यांची तुमच्याकडून येते."

मग मी शाळेत जे करायचे तेच केलं. चौघांच्या खुर्च्या चार भिंतींना तोंड करून लावल्या. बोलणं बंद. पण गाणं ऐकताना गप्प बसणं या लोकांना जमणारं नव्हतं. "आहाहा" त्यांच्या घशात ढेकरासारखं येऊन अडकायचं. म्हणून वहिनीने प्रत्येकाच्या तोंडात खडीसाखरेचा खडा दिला. डॉक्टरांनी दातांच्या नावाने निषेध केला आणि दोन घेतले. अण्णाला मधुमेह होता, त्याला लवंग मिळाली. प्रत्येकाजवळ दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके. नवं वाटलं तर चिंचोका उजव्या वाटीत, जुनं वाटलं तर डाव्या. शेंगदाणे नाही ठेवले, नाहीतर आरवाड्यांनी पुरावा खाल्ला असता.

अण्णाची खुर्ची कपाटाला लागून होती. त्याच्या तबकड्यांजवळ दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला चालत नसे.

तर आता आपण परत तिथे आलो, जिथे मी सुई तबकडीवर ठेवली होती. कपाटामागे केतकी, भिंतींकडे चार तोंडं, आणि दारात वहिनी, पदर खोचून.

फेऱ्या होत गेल्या. पंखा बंद, कुणी बोलत नाही, मधूनच खडीसाखर फुटल्याचा कडकन आवाज. आरवाड्यांचा हात मध्येच थांबायचा आणि मी त्यांच्या खुर्चीला हळूच पाय लावायची. मास्तर दर वेळी चिंचोका असा टाकायचे, की जणू शेवटचा निकाल देताहेत. अण्णा मात्र ताठ बसला होता. डोळे मिटलेले, लवंगही न चावता, सगळा जीव कानांत. सूर सुरू झाला रे झाला, की त्याचा हात जायचा. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कधी अडखळला नाही.

पुष्कळ फेऱ्या झाल्यावर मी थांबवलं. केतकी कपाटामागून जळमटं झाडत बाहेर आली. एकेकाचे चिंचोके ती खडूच्या खुणांशी ताडून बघू लागली. आरवाड्यांनी सगळे उजवीकडे टाकले होते, हात तिकडेच लोंबत होता म्हणून. डॉक्टरांचे निम्मे बरोबर, निम्मे चूक, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेच. भागवत मास्तरांचे जवळजवळ सगळे उलटे.

"मी वाट्याच उलट्या ठेवल्या असतील," मास्तर म्हणाले.

वहिनीने पदर सोडला. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

मग केतकी अण्णाच्या वाट्यांपाशी गेली. कपाटामागे जाऊन आली. परत वाट्यांपाशी. परत कपाटामागे.

"काय गं?" मी विचारलं.

"आजोबांचं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली.

"सगळं?"

"एकही चूक नाही."

मग मास्तर ओरडले, "आहाहा!" आणि आता तोंडात साखर नव्हती, त्यामुळे उरलेले दोघेही ओरडले. मी स्वतः दोनदा ताडून बघितलं. खरंच एकही चूक नव्हती. नशिबाने असं होत नाही. मी इतकी वर्षं पोरींना शिकवलं ते सगळं मनात उलगडून बघितलं, पण त्या सोनेरी वाटीतून तानपुरा कसा काय उघडतो ते त्यात कुठे सापडेना.

वहिनीने काही वाद घातला नाही. तिने घंटीचा प्लग काढला, वायर कोपरावरून गुंडाळली, तिच्या टोकाला गाठ मारली आणि घंटीवर ठेवून दिली. मग म्हणाली, "पोहे झालेत. खाऊन घ्या सगळे." ती एवढंच म्हणाली म्हणून मंडळ पटापट उठून स्वयंपाकघरात गेलं. पोहे खाताना तिथे दादसुद्धा कुणी दिली नाही.

हॉलमध्ये अण्णा भिंतीकडे तोंड करून तसाच बसून होता. मी गेले तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"मला ऐकू येतंय, मनू," तो म्हणाला.

"मग रडतोस कशाला?"

"पावसाळ्यापासून तबकडी लावली, की वाटतं कुणीतरी गाण्यावर पांघरूण टाकलंय. मला वाटलं, कान चालले. आपले वडील कसे बहिरे झाले ते आठवतं ना तुला? शेवटी शेवटी नुसते माणसांच्या तोंडांकडे बघत बसायचे. वीज बिघडली असेल तर बदलता येते. सॉकेट बदलता येतं. कान कुठून मागवू? जर्मनीत मिळत नाहीत."

म्हणजे इतके दिवस तो वीज तपासत नव्हताच.

"आणि अजूनही पांघरूण आहेच गं," तो हळू आवाजात म्हणाला. "नव्यातही आहे आणि जुन्यातही आहे. पण माझे चिंचोके बरोबर आले ना? म्हणजे मला ऐकू येतं."

केतकी कपाटाशी उभी राहून हे ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं, जुन्या सॉकेटच्या बाजूला बघितलं, आणि तिचे डोळे बारीक झाले. शाळेत एखाद्या पोरीचे डोळे असे झाले, की मी खडू खाली ठेवायची आणि वाट बघायची.

"आजोबा," ती म्हणाली, "एकदाच आणखी. भिंतीकडेच बघा हं. चिंचोका घ्या हातात."

ती कपाटामागे शिरली. मी दांडीकडे हात नेला, तर कपाट म्हणालं, "तू काही करू नकोस, आत्याआजी." मी हात मागे घेतला. तबकडी थांबलेली. सुई वर. हॉलमध्ये काहीही वाजत नव्हतं.

कपाटामागे आवाज झाला. टक.

आणि अण्णाने हात लांब करून चिंचोका डाव्या वाटीत टाकला.

टाकल्यावर त्याच्या लक्षात आलं. हात तसाच वाटीवर राहिला. "गाणं कुठाय?"

"गाणं लावलंच नाही," केतकी बाहेर येत म्हणाली. "जुन्याला बटण आहे, आजोबा. फेरी संपली की मी ते हळूच बंद करते, पण प्लग लावून बटण दाबते तेव्हा टक होतं. नव्याला बटणच नाही, नुसता प्लग घालायचा. टक झालं की तुम्ही डावीकडे टाकता. नाही झालं की उजवीकडे."

"मी बटण ऐकत होतो?"

"हो."

"एवढा वेळ डोळे मिटून मी... बटण?"

"तुम्हाला माहीत नव्हतं पण," केतकी घाईने म्हणाली. ती त्याच्या गुडघ्याशी बसली. "आणि ते एवढंसं टक कुणालाच ऐकू नाही आलं, आजोबा. मास्तरआजोबांना नाही, डॉक्टरआजोबांना नाही, आत्याआजीलासुद्धा नाही. फक्त तुम्हाला आलं. मग कान कसे गेले?"

बाकीच्यांच्या तोंडात खडीसाखर कडकडत होती आणि अण्णाच्या तोंडात लवंग होती, हे मला तेवढ्यात आठवलं. मी ते माझ्यापाशी ठेवलं. शिक्षकाने दर वेळी सगळंच शिकवलं पाहिजे असं नाही.

अण्णाचं पोट हलायला लागलं, आणि मग तो असा हसला, की लवंग उडून वाटीत पडली. "मास्तरांना सांगू नका," तो म्हणाला. "म्हणजे, आज नको. पोहे तरी खाऊ देत त्यांना." मग स्वयंपाकघराकडे मान करून हाक मारली, "कुमुद! ती वायर सोड. घंटी कुठे जात नाही."

आत एक कढई अशी खाली ठेवली गेली, की ते उत्तरच होतं. मग कसलातरी डबा उघडल्याचा आवाज, आणि भाजणीचा वास हॉलभर.

"बरं," अण्णा डोळे पुसत म्हणाला, "वीज चांगली. सॉकेट जुनं काय नि नवं काय, सारखंच. कान चांगले. मग केतूबाई, पांघरूण कुठून आलं?"

केतकीने बोटं दुमडली, एक, दोन, तीन, आणि चौथं बोट हवेतच धरून ती तबकडीपाशी गेली. मंडळाचा नियम मोडून ती वाकली आणि नाक सुईला लागेल इतक्या जवळून बघू लागली. बराच वेळ बघितलं. मग दोन बोटांच्या नखांनी तिने सुईच्या टोकावरून काहीतरी अलगद ओढून काढलं. करड्या रंगाचं, मोहरीएवढं, मऊ, पिठाचं आणि धुळीचं बोंड.

"सापडलं का काही?" अण्णाने भिंतीकडूनच विचारलं. सांगूनही त्याला ते दिसणार नव्हतं.

केतकीने बोटावरचं बोंड बघितलं. मग उघड्या दारातून आत बघितलं. आत वहिनी घंटीवर वाकून वायरीची गाठ सोडवत होती, आणि एक हात घंटीच्या पाठीवर ठेवला होता, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मग केतकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

तिने बोट तोंडात घातलं.

जीभ एकदा टाळूला लावली, चव घेतली, गिळलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चकलीचीच आहे. जिरं जास्त झालंय."

"केतू? काय होतं गं?"

"काही नाही, आजोबा," ती म्हणाली. मग जाऊन स्वयंपाकघराचं दार आधी नीट, कडी लागेपर्यंत ओढून घेतलं, आणि परत येऊन सुई खाली ठेवली.